हप्ता पाच तारखेला, नियम मोडतो दोन तारखेला

“मावशी, वय ३३. चाकणला डिझाइन इंजिनिअर होतो. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि चिंचवडच्या घरातून शेअर बाजारात पूर्णवेळ ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरचे मुदतीचे सौदे, सुरू केलं. सहा लाखांनी सुरुवात केली, त्यातले दोन लाख वडिलांचे. ते निवृत्त शिक्षक आहेत. हप्त्यांसाठीची माझी बँकेतली शिल्लक ऑगस्टमध्ये संपली. तेव्हा ट्रेडिंग खात्यात पाच लाख होते, आता २ लाख ४० हजार आहेत. फ्लॅटचा २८ हजारांचा हप्ता पाच तारखेला असतो, तो सप्टेंबरपासून ट्रेडिंगमधूनच भरतो. फक्त ऑक्टोबरचा बायकोने भरला, तिला भिशी लागली होती. भिंतीवर नियम लावलेत: दिवसात दोनच ट्रेड, तीन हजार गेले की लॅपटॉप बंद. आठवडेच्या आठवडे पाळतो आणि मग एका दिवसात सगळं धुऊन निघतं. २ सप्टेंबरला ३८ हजार, ४ नोव्हेंबरला ५१ हजार, २ डिसेंबरला ४४ हजार. स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर, मीच काढून टाकतो, वर ॲव्हरेजही करतो, म्हणजे भाव पडेल तसं आणखी घेत जातो. बायकोला वाटतं बरं चाललंय, वडिलांना वाटतं पैसे एफडीत आहेत. रात्री दीड वाजता गिफ्ट निफ्टी, म्हणजे रात्रीही चालू असणारा निफ्टीचा भाव, बघत बसतो. ध्यान सुरू करू, की पंचवीस हजारांचा ट्रेडिंग सायकॉलॉजीचा कोर्स लावू? मला फक्त शिस्त हवी आहे.”

मावशी म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

तुझ्या तिन्ही तारखा मी कॅलेंडरवर पाहिल्या. तिन्ही मंगळवार, निफ्टीची एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस. हे तुला ठाऊक असणारच. पण तिन्ही वेळा हप्ता एक ते तीन दिवसांवर आला होता, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये हप्त्याची सोय झाली आणि त्या महिन्यात तुझा एकही नियम मोडला नाही. ऑगस्टपर्यंत शिल्लक होती, तेव्हाचाही असा दिवस तू लिहिलेला नाहीस. म्हणजे तुझा स्वभाव उतावळा आहे असं मला वाटत नाही. पाच तारखेला बँक २८ हजार ओढणार हे ठाऊक असलेला माणूस दोन तारखेला तीन हजारांचा तोटा घेऊन लॅपटॉप मिटू शकत नाही. भल्याभल्यांना जमणार नाही.

आता पुढचा हिशोब. तो वाचून तुला राग येईल. पाच लाखांतून २ लाख ६० हजार गेले. त्यातले तीन हप्त्यांचे ८४ हजार, तीन वाईट दिवसांचे १ लाख ३३ हजार. बेरीज २ लाख १७ हजार. मग उरलेले ४३ हजार कुठे गेले? ते तू भिंतीवरचे नियम पाळलेस त्या दिवसांत गेले. हळूहळू, हजार-दोन हजारांनी, ब्रोकरेज आणि करांसकट. त्याआधी सहाचे पाच झाले, तेही हप्त्याचा ताण नसताना. शिस्त आली तर तोटा सावकाश होईल, एवढंच मला या आकड्यांतून दिसतं. नफा देणारी पद्धत तुझ्याकडे अजून नाही, आणि शिस्त ती निर्माण करत नाही.

यात तू एकटा नाहीस. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास जाहीर केला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा कमावणारे जेमतेम एक टक्का. आणि तुला दरमहा २८ हजार हवेत, २ लाख ४० हजारांवर. म्हणजे महिन्याला साडेअकरा टक्क्यांहून जास्त, एकही महिना न चुकता! एवढं कुणी खात्रीने देतो म्हणाला असता, तर तूच त्याला भामटा म्हटलं असतंस.

तुझा तीन हजारांचा नियमही बघ. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, ६५चा धर नाहीतर ७५चा. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, चाळीस-पंचेचाळीस रुपयांनी पडला की दिवसाची मर्यादा संपली. एक्सपायरीच्या दुपारी त्याला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निफ्टीसारख्या निर्देशांकांवरच्या कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाखांवर नेली, ती एवढी जोखीम पेलणाऱ्यांनीच यात उतरावं म्हणून. तुझं भांडवल त्यात बसत नाही.

कोर्स लावू नकोस. ध्यान खुशाल कर, झोपेसाठी.

मी बँकेत नोकरी केली. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. कॅशियरवर अविश्वास आहे म्हणून नव्हे; एकट्या माणसावर तो भार टाकायचाच नसतो. तुझ्या घरात मालक तू, नोकर तू, पहारेकरीही तूच, आणि कुणाला पत्ता नाही.

म्हणून बायकोला सांग, आणि ते येत्या मंगळवारच्या आत. तोंडी नको, कारण तोंडी सांगताना माणूस आकडे गोल करतो. सप्टेंबरपासूनचं खात्याचं स्टेटमेंट छापून तिच्यापुढे ठेव. ती चिडेल, आणि तो तिचा हक्क आहे. भिशीचे पैसे तिने विश्वासाने दिले होते. मग उरलेली रक्कम ट्रेडिंग खात्यातून काढून दोघांच्या नावावर ठेवा, काढायला दोघांच्या सह्या लागतील अशी. ब्रोकरच्या ॲपमध्ये ट्रेडिंग थांबवणारं बटण, किल स्विच, असेल तर तो दाब, पण त्यावर विसंबू नकोस. जो बटण दाबतो तो उद्या ते उघडूही शकतो. फ्युचर्स-ऑप्शनचा सेगमेंटच बंद करून घे.

आणि नोकरी शोध. दीड वर्षाचा खंड मुलाखतीत लपवू नकोस. “घरून ट्रेडिंग करून पाहिलं, जमलं नाही” हे वाक्य तुला वाटतं तेवढं लाजिरवाणं नाही. चाकण-भोसरीत डिझाइनची कामं निघतात, पगार आधीपेक्षा कमी असला तरी घे. बाजाराची ओढ राहिलीच, तर पगारातून थोडे शेअर डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे देऊन, घे, हप्ता भरून झाल्यावर. आधी नाही.

वडिलांकडे बायकोला घेऊन जा. त्यांच्या दोन लाखांचं काय झालं आणि दरमहा किती परत देणार, दोन्ही एकाच बैठकीत सांग. आकडा छोटा असू दे, पण खरा असू दे.

जागरण वाढलं, जीव नकोसा वाटू लागला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दीडलाही कुणीतरी फोन उचलतं.

एक राहिलं. तोटाच झाला तर आयकराचं विवरणपत्र कशाला, असा तुझा समज असेल तर चूक आहे. ऑप्शनमधला तोटा धंद्यातला तोटा धरतात. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. पगाराच्या उत्पन्नातून मात्र तो वजा होत नाही. या वर्षीचे कागद आत्ताच एखाद्या सीएकडे दे.