बोन स्कॅनच्या कॅमेऱ्याला किरण कुठून आला हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की आईंच्या बोन स्कॅनमध्ये मशीनमधून काहीच बाहेर पडत नाही, तर मग चित्र येतं कुठून. पुण्यातच एका न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो.

किरण आईंच्या हाडांतून येतात. इंजेक्शनमधलं टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य हाडांत बसतं आणि १४० केईव्ही (किरणाची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बारीक सरळ भोकांची शिशाची जाळी असते. तिरके किरण शिशात जिरतात, एकूण दहा हजार किरणांत एखाददुसराच पार होतो. म्हणूनच पेशंटला इतका वेळ हलू देत नाही.

जाळीमागे सोडियम आयोडाइडचा जेमतेम सेंटिमीटरभर जाड स्फटिक. किरण त्यात जिरला की प्रकाश चमकतो आणि मागच्या पन्नास-साठ फोटोमल्टिप्लायर नळ्या (अंधुक प्रकाशाचा मोठा विद्युत संकेत करणाऱ्या) तो टिपतात. कुठल्या नळीला किती प्रकाश मिळाला त्यावरून जागा निघते, सगळ्यांची बेरीज केली की ऊर्जा. हा कॅमेरा शोधणाऱ्या हॅल अँगर यांची १९५०च्या दशकातली ही युक्ती अजून चालते.

पण ऊर्जा मोजायचीच कशाला? कारण शरीरातच धडकून वळलेला किरण भलतीच जागा दाखवतो. धडकेत त्याची ऊर्जा घटते: काटकोनात वळला तर ११० केईव्हीच उरतात. आम्ही १२६ ते १५४ केईव्हीच्या ‘खिडकी’तलेच किरण मोजतो, म्हणून तो बाद. मात्र ४५ अंशांत वळलेल्याकडे १३० उरतात आणि तो बिनदिक्कत आत घुसतो. खिडकी अरुंद करावी, तर स्फटिकाचं मोजमापच दहा टक्के मागेपुढे होतं, चांगले किरणही जातात. बोन स्कॅन थोडा धूसर दिसतो, त्यातला काही दोष या घुसखोरांचा.

रोज सकाळी कोबाल्ट-५७ या किरणोत्सारी द्रव्याची, सगळीकडे सारखे किरण सोडणारी चपटी प्लेट कॅमेऱ्यासमोर ठेवतो. पडदा एकसारखा भरला पाहिजे. एखादी नळी बिघडली असेल तर तेवढ्या जागी गोल डाग उमटतो, आणि असा डाग बरगडीवर पडला तर डॉक्टरांची दिशाभूल होईल. ती नळी जुळवल्याशिवाय आम्ही पहिल्या पेशंटला इंजेक्शनच देत नाही.