वाचकांचे प्रश्न : आधी मानक, मग शोधनिबंध, आधी अर्ज, मग प्रदर्शन

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि अध्यापक यांची आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून महाविद्यालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी ‘क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरून केलेल्या काँक्रीटची ताकद’ हा विषय घेतला आहे. गुगल स्कॉलरवर हजारो निबंध दिसतात. ढीगभर उतरवून घेतले, पण आधी काय वाचावे आणि कुठे थांबावे हे उमगत नाही. (विद्यार्थिनी, नांदेड)

निबंधांचा ढीग काही दिवस बाजूला ठेवा आणि सुरुवात भारतीय मानकापासून करा. तुमच्या विषयाला तीन मानके थेट लागू होतात : खडी आणि वाळूसाठी आयएस ३८३ : २०१६, मिश्रणाचे प्रमाण ठरवण्यासाठी आयएस १०२६२ : २०१९ आणि एकंदर काँक्रीटकामासाठी आयएस ४५६ : २०००. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ही मानके विनामूल्य उतरवून घेता येतात. झेरॉक्सच्या दुकानातून मिळालेल्या जुन्या, दुरुस्त्या न जोडलेल्या प्रती वापरण्याचे कारण आता उरलेले नाही. मानक उतरवताना त्याच्या दुरुस्तीपत्रिकाही उतरवून घ्या, कारण बदललेला आकडा पुष्कळदा मूळ मजकुरात नसून पत्रिकेत असतो.

मानक आधी वाचल्याने काय साधते, ते तुमच्याच विषयात पाहा. आयएस ३८३ ची १९७० ची आवृत्ती नैसर्गिक स्रोतांतून मिळणाऱ्या खडी-वाळूपुरती होती. २०१६ च्या आवृत्तीने ती मर्यादा काढून स्लॅग (धातू गाळताना उरणारी मळी) आणि जुन्या काँक्रीटपासून तयार केलेल्या मालालाही जागा दिली. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांसाठी नैसर्गिक वाळूला ३ टक्क्यांची मर्यादा आहे, तर दगड फोडून केलेल्या वाळूला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. नदीच्या वाळूतले बारीक कण मुख्यतः माती आणि गाळाचे असतात, आणि ते सिमेंटची पकड बिघडवतात. क्रशरमधून येणारे बारीक कण दगडाच्याच भुकटीचे असतात, म्हणून ही सूट. हा फरक ठाऊक नसलेला विद्यार्थी सहा महिने घनठोकळे फोडून ‘बारीक कण वाढले तरी ताकद फारशी घटत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि मौखिक परीक्षेत परीक्षक त्याच्यासमोर मानकातला तक्ता उघडून ठेवतात. मानकाने जिथे मर्यादा घातली आहे तिथून पुढे काय होते, किंवा आपल्या भागातल्या बेसॉल्टच्या भुकटीसाठी ती मर्यादा कितपत योग्य आहे, हे प्रश्न मात्र संशोधनाचे आहेत.

यानंतर शोधगंगेकडे वळा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध खुले आहेत. तुमच्या विषयाजवळचे दोन-तीन अलीकडचे प्रबंध निवडा आणि त्यांचे फक्त दुसरे प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, वाचा. त्यात वारंवार येणारे निबंध हेच तुमचे पहिले वाचन. त्या निबंधांच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि गुगल स्कॉलरवरच्या ‘साइटेड बाय’ (या निबंधाचा उल्लेख नंतर कोणी केला) या दुव्यावरून पुढे या. नव्याने सापडणारे निबंध आधी पाहिलेल्यांचाच उल्लेख करू लागले, की थांबायला हरकत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणते शब्द घालून शोधले याची वही ठेवा; सहा महिन्यांनी गाईड विचारतील तेव्हा ती उपयोगी पडेल.

एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते. संभाषणात्मक एआय साधनांकडून संदर्भसूची तयार करून घेण्याची सवय वाढते आहे. ही साधने अस्तित्वात नसलेल्या निबंधांची नावे, लेखक आणि खंड-अंकांसह, अगदी खऱ्यासारखी लिहून देतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, स्वतः उघडून पाहा आणि जो निबंध डोळ्यांखालून गेला नाही तो सूचीत घेऊ नका.

प्रश्न : आमचे महाविद्यालय खासगी, विनाअनुदानित आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचा आम्हाला लाभ मिळत नाही, असे ग्रंथपाल सांगतात. हे खरे आहे का? मग आम्ही निबंध कोठून मिळवावेत? (अध्यापक, सांगली जिल्हा)

आपले ग्रंथपाल बरोबर सांगतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके खुली होतात. परंतु लाभार्थी आहेत त्या केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे बहुसंख्य विद्यार्थी खासगी महाविद्यालयांत शिकतात, त्यामुळे योजनेच्या नावातले ‘राष्ट्र’ आपल्याकडे बरेच आखूड पडते, हे माझे मत मी लपवत नाही.

तरीही वाटा आहेत. पहिली वाट कायदेशीर मोफत प्रतींची. अनेक प्रकाशक लेखकाला स्वीकृत हस्तलिखित आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवू देतात. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचे विनामूल्य साधन अशा प्रती शोधून देते. ती मिळाली नाही, तर लेखकाला चार ओळींचे पत्र लिहा. निबंधाचे नाव, आपले काम काय आहे आणि त्यातले नेमके काय हवे आहे, एवढे लिहिले तर बहुतेक लेखक प्रत आनंदाने पाठवतात, आणि कधी कधी न विचारलेला डेटाही.

दुसरी वाट आपल्या देशातल्या खुल्या नियतकालिकांची, जिच्याकडे आपण उगीच नाक मुरडतो. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘साधना’ या अभियांत्रिकी नियतकालिकाचे अंक अकादमीच्या संकेतस्थळावर वाचता येतात. सीएसआयआरच्या निस्पर या संस्थेच्या भांडारात अभियांत्रिकी व सामग्रीविज्ञानाला (मटेरियल सायन्स) वाहिलेले नियतकालिक खुले आहे. खुल्या नियतकालिकांची जागतिक निर्देशिका ‘डोआज’ही विनामूल्य आहे.

तिसरी वाट म्हणजे डेलनेटसारख्या ग्रंथालय-जाळ्याचे सदस्यत्व, ज्यातून दुसऱ्या ग्रंथालयातील लेखाची प्रत मागवता येते. आपल्या महाविद्यालयाने ते घेतलेले असण्याची शक्यता बरीच आहे. वापर होत नाही एवढेच. शिवाय ज्या विद्यापीठाशी महाविद्यालय संलग्न आहे, त्याच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष बसून वाचण्याची परवानगी मिळते का, याची चौकशी प्राचार्यांच्या पत्रासह करावी.

प्रकाशकांच्या परवानगीविना निबंध फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाबद्दलही आपण विचारले आहे. मोठ्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दावा केला आणि २०२५ मध्ये ते संकेतस्थळ अडवण्याचा आदेश झाला. अध्यापकाने विद्यार्थ्यांना तिकडे पाठवू नये.

प्रश्न : यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, बंद झाली म्हणतात. मग पदोन्नतीसाठी कोणते नियतकालिक धरायचे? (अनेक अध्यापक)

यादी बंद झाली आहे. २०१९ पासून चाललेली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी निगडित असलेली ही यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्यासाठी काही सूचक निकष दिले. आता निर्णयाची जबाबदारी संस्थेवर आहे, म्हणून आपल्या विद्यापीठाने काय ठरवले ते लेखी मागून घ्या. आयएसएसएन क्रमांक ही केवळ ओळखीची खूण आहे, दर्जाची नव्हे. ‘स्कोपसमध्ये (संशोधन-निबंधांची एक जागतिक सूची) समाविष्ट’ असा दावा असल्यास स्कोपसच्या विनामूल्य स्रोतसूचीत नाव पाहा आणि समावेश मध्येच थांबवलेला नाही ना, हेही पाहा. नामांकित नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ चालवण्याचे प्रकारही होतात. व्हॉट्सॲपवर ‘दोन दिवसांत स्वीकृती’ असा निरोप आला, तर तपासण्याचीही गरज नाही.

प्रश्न : आम्ही अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी कांदाचाळीसाठी यंत्रणा केली आहे. चाळीच्या मध्यभागी कांदा सडू लागला की वायूवरून ते ओळखून पंखा सुरू होतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो. हवा खालून वर नेणारी नळ्यांची एक वेगळी रचनाही आम्ही केली आहे. दोन महिन्यांपूर्वी महाविद्यालयाच्या प्रदर्शनात संवेदक व पंख्याचा भाग मांडला आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आता पेटंट मिळेल का? (विद्यार्थी, नाशिक जिल्हा)

जे तुम्ही सर्वांसमोर मांडले, त्यावर बहुधा नाही. जे अजून झाकलेले आहे, त्यावर शक्यता आहे. पेटंटसाठी शोध अर्जाच्या दिवसापर्यंत जगात कोठेही प्रकट झालेला नसावा लागतो, आणि स्वतः शोधकाने केलेले प्रकटनही यातून सुटत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती प्रामुख्याने केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधांना लागू होते. महाविद्यालयाचे प्रदर्शन किंवा यूट्यूब त्यात बसत नाही. अमेरिकेत शोधकाच्या स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची मुदत मिळते आणि आंतरजालावरची बरीच माहिती तिथली असल्याने आपल्याकडे हा गैरसमज पसरला आहे.

नळ्यांची रचना व्हिडिओत दिसत नाही ना, याची खात्री करून घ्या. दिसत नसेल, तर तिच्याविषयी गाईडखेरीज कोणाशी बोलू नका आणि पूर्वशोध, म्हणजे असे आधी कोणी केले आहे का याचा शोध, सुरू करा. भारतीय पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही शोधप्रणाली आणि युरोपीय पेटंट कार्यालयाची ‘एस्पेसनेट’ या दोन्ही विनामूल्य आहेत. केवळ ‘अनियन’ हा शब्द घालून शोधलेत तर फसाल, कारण पेटंट लिहिणारे शब्दांची व्याप्ती मुद्दाम वाढवतात. तुमची कांदाचाळ तिथे ‘बल्ब क्रॉप’, ‘पेरिशेबल प्रोड्यूस’ किंवा नुसते ‘स्टोअरेज स्ट्रक्चर’ या नावाने असेल. म्हणून शब्दांबरोबर वर्गीकरण क्रमांक वापरा. शेतमालाच्या साठवणुकीचा वर्ग ए०१एफ २५ असा आहे आणि फळे-भाज्या टिकवण्याचा ए२३बी ७ असा. या वर्गांतल्या वायुवीजनाच्या रचना एकेक करून पाहा. आकृत्या आधी आणि शेवटचे दावे (नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ती कलमे) नंतर वाचा. मधला मजकूर लागेल तसा.

पूर्वशोधात काही आड आले नाही, तरी कायद्याचे तिसरे कलम नजरेखालून घाला, कारण विद्यार्थी प्रकल्प तिथेच अडतात. आपापले काम ओळखीच्या पद्धतीने स्वतंत्रपणे करणारी जुनी उपकरणे नुसती एकत्र मांडणे हा ३(एफ) नुसार शोध ठरत नाही. संवेदक, मायक्रोकंट्रोलर आणि संदेश पाठवणारे मोड्यूल यांची जुळणी बहुतेक याच प्रकारात मोडते. शेतीची पद्धत ३(एच) ने आणि निव्वळ संगणक आज्ञावली किंवा अल्गोरिदम ३(के) ने वगळले आहे. तुमच्या नळ्यांच्या रचनेमुळे चाळीच्या गाभ्यातली आर्द्रता किंवा तापमान खरोखर किती उतरते, हे मोजून दाखवता आले तर अर्जाला कणा येईल.

मोजमापे अपुरी असतील, तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. व्यक्ती आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे, त्यामुळे चाळीस-पन्नास हजारांचे ‘पॅकेज’ सांगणाऱ्या दलालाला त्यातले शासकीय शुल्क किती, हे आधी विचारा. मसुद्यासाठी मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटची मदत घेणे शहाणपणाचे आहे, कारण दाव्यातला एक सैल शब्द पुढे महागात पडतो. अर्जदार तुम्ही की महाविद्यालय, हे लेखी ठरवा आणि शोधक म्हणून ज्यांनी खरोखर कल्पना दिली त्यांचीच नावे घाला, मग आग्रह कोणाचाही असो.

अर्ज साधारण अठरा महिन्यांनी राजपत्रात आपोआप प्रसिद्ध होतो, आणि वेगळे शुल्क भरले तर बराच लवकर. ‘पेटंट प्रकाशित’ असा जो फलक महाविद्यालयांच्या दारावर झळकतो, तो याच टप्प्याचा असतो. परीक्षण त्यापुढे व्हायचे असते आणि त्याची विनंती आता अर्जापासून ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती केलीच नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला ते प्रसिद्धीचे, डिझाइन नोंदणीचे की मंजूर पेटंटचे, हे विचारायला संकोचू नका.

प्रश्न : माझ्या पीएच.डी. प्रबंधाचा सारखेपणा अहवाल (दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती मजकूर जुळतो ते दाखवणारा) १८ टक्के आला. बराचसा भाग समीकरणे आणि संदर्भसूचीचा आहे. नोंदणी रद्द होईल का? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी रद्द होते ती ६० टक्क्यांच्या वर. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान सुधारित प्रत ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत द्यावी लागते. मुळात संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेयासह दिलेली अवतरणे, प्रमाण संज्ञा आणि प्रमाण समीकरणे ही गणनेतून वगळायची असतात, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही धरायचे नसते. ग्रंथालयात जाऊन ही वर्ज्ये लावून अहवाल पुन्हा काढून घ्या आणि दोन्ही अहवाल गाईडना दाखवा. त्यानंतरही आकडा दहाच्या वर राहिला, तर अहवालातल्या रंगीत ओळी एकेक तपासा. प्रयोगपद्धतीच्या प्रकरणात दुसऱ्याचे वर्णन जसेच्या तसे उचलले गेलेले असते, ते आपल्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाच्या नेमक्या तपशिलांसह नव्याने लिहा.