फेलोशिपला जायच्या आधी विचार, ड्रिल कुणाच्या हातात असणार

बेटा,

फेलोशिप कुठे करू असं विचारणारा तुझा मेसेज काल रात्रीच वाचला होता पण दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये म्हणून आज निवांत लिहितोय. एमएस झालं, आता ऑटॉलॉजीची, म्हणजे फक्त कानाच्या ऑपरेशनांची फेलोशिप करायची म्हणतेस, नक्की कर. आपल्याकडे ओपीडीत रोज वाहणारे कान येतात, कुणी पाटाच्या पाण्यात पोहलेलं, कुणी लसणाचं गरम तेल घातलेलं, आणि त्यातल्या एखाद्या घाण वास येणाऱ्या कानात कोलेस्टिॲटोमा (कानाच्या आत वाढलेला कातडीचा गोळा) वर्षानुवर्षं हाड खात बसलेला असतो. काम भरपूर आहे. फक्त जागा निवडताना हॉस्पिटलचं नाव बघू नको, तिथे फेलोच्या हातात ड्रिल किती वेळ असतं ते बघ.

मी इथेच चुकलो होतो. एका मोठ्या नावाच्या ठिकाणी सहा महिने राहिलो, स्क्रीनवर भरपूर मास्टॉइड, म्हणजे कानामागच्या हाडाची ऑपरेशनं, बघितले, सक्शन धरलं, टाके घातले, ड्रिल हातात आलं ते वरचा कॉर्टेक्स, हाडाचा बाहेरचा थर, उघडण्यापुरतं. सर्टिफिकेट घेऊन जळगावला आलो आणि दुसऱ्याच महिन्यात चोपड्याकडच्या एका आजींचा मास्टॉइड लोकल भूल देऊन केला. संध्याकाळी राउंडला गेलो तर आजी बशीने चहा पीत होत्या आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर ओघळत होता, त्या बाजूचा डोळापण मिटत नव्हता. लोकलचा असर असेल म्हणून कानातलं पॅक सैल केलं आणि तिथेच खुर्ची टाकून तीन तास बसलो, चेहरा काही हलला नाही. सकाळी एका सीनियर सरांना बोलावून कान परत उघडला, चेहरा हलवणाऱ्या फेशियल नर्व्हवर सेकंड जेनूपाशी, म्हणजे तिच्या दुसऱ्या वळणापाशी, हाडाची बारीक कपची रुतली होती. नर्व्ह अखंड होती म्हणून निभावलं, तरी चेहरा सावरायला चार महिने गेले आणि आजी तेवढे महिने एसटीने तपासायला येत होत्या. ती कपची माझ्याच ड्रिलने सुटली होती. सेकंड जेनू मी पुस्तकात कितीदा वाचला होता, स्वतःच्या हाताने एकदाही नीट उघडा केला नव्हता.

म्हणून पहिला प्रश्न टेम्पोरल बोन लॅबचा, म्हणजे मृतदेहाच्या कानाच्या हाडावर सराव करतात त्या लॅबचा. लॅब आहे का, हाडं मिळतात का, रात्री ओटी संपल्यावर बसू देतात का. लॅबमध्ये हाड मुद्दाम शेवटपर्यंत ने, ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडा कर, सिग्मॉइड (तिथली मोठी शीर) उघडा कर, नर्व्ह स्टायलोमॅस्टॉइडपर्यंत, ती हाडाबाहेर पडते तिथपर्यंत, सोडव, म्हणजे पेशंटमध्ये कुठे थांबायचं ते कळतं. आपल्याकडे विहीर खोदताना तोंड रुंद ठेवतात ना, तसंच मास्टॉइडचं, वर रुंद नाही घेतलं तर खाली खोल अंधारात चाचपडत बसशील. ड्युरावरचं हाड पातळ झालं की बरचा, म्हणजे ड्रिलच्या टोकाचा, आवाज बदलतो, तो कान देऊन ऐक, व्हिडिओ बघून हे येत नाही. नर्व्हजवळ डायमंड बर, भरपूर पाणी, आणि हात नेहमी नर्व्हच्या दिशेला समांतर.

अमेरिकेत पाच वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर न्यूरोटॉलॉजीची (कान आणि त्याच्या नसांची) फेलोशिप अजून दोन वर्षं चालते, यावरून समज की हे तीन दिवसांच्या कोर्सचं काम नाही. कोर्स कर, पण त्याला फेलोशिप समजू नको.

स्टेपिसचं, म्हणजे कानातल्या सगळ्यात छोट्या हाडाचं, वेगळं सांगतो. १९५२ ला न्यूयॉर्कमध्ये रोझेन या सर्जनकडून जाम झालेला स्टेपिस तपासता तपासता हलला आणि पेशंटला टेबलावरच ऐकू यायला लागलं, १९५६ ला जॉन शी या सर्जननी तो काढून त्याजागी टेफ्लॉनचा बसवला. लोकल भुलीत पेशंट झोपल्या झोपल्या ‘आयकू येस’ (ऐकू येतंय) म्हणतो तेव्हा फार बरं वाटतं, पण तीनेक मिलिमीटरचं हाड आहे ते, आतला कान गेला तर परत येत नाही. फेलोशिपमध्ये मोजके मिळाले असतील तर इथे येऊन एकटीने करू नको, पेशंटला हिअरिंग एड दे किंवा पुढे पाठव, त्यात काही कमीपणा नाही.

आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन, शिकायला मिळालं तर ओटीइतकाच वेळ ऑडिओलॉजिस्टच्या खोलीत बस. ॲडिपसारख्या सरकारी योजनेतून मशीन मिळतं, ऑपरेशन दोनतीन तासांत होतं, पण मॅपिंग (मशीन त्या पोराला जुळवून देणं) आणि बोलायला शिकवणं वर्षानुवर्षं चालतं. नंदुरबारकडचे आईबाप ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, पोरगं सोबत जातं, थेरपी सुटते, कानावर लावायचा प्रोसेसर पेटीत पडून राहतो. मी असं एक पोरगं बघितलंय, ऑपरेशन एकदम छान झालेलं आणि सहाव्या वर्षीही एक शब्द बोलत नव्हतं, त्याची आई मला पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘मन्हा पोऱ्याले आयकू येस नही’. शिकायला जाशील तिथे विचार, लांबच्या पेशंटचा फॉलोअप ते कसा ठेवतात, फोनवर काय करतात, आईला काय शिकवून पाठवतात, सगळं वहीत लिहून आण. इथे आपल्याला तेच लागणार आहे.

स्टायपेंड, होस्टेल, आरोग्य विद्यापीठाची मान्यता हे तू बघशीलच. तुझ्या यादीतल्या दोन्ही ठिकाणचे मागच्या वर्षीचे फेलो कोण होते त्यांचे नंबर काढ आणि एकच विचार, तू स्वतः पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत किती कान केलेस. सरांसमोर नको विचारू, फोनवर विचार, खरं सांगतील. रविवारी संध्याकाळी माझी ओपीडी बंद असते, तेव्हा ते आकडे घेऊन फोन कर, मग बसून ठरवू.

तुझा,
सर