खाद्यरंग सोसत नसलेल्या रुग्णाचं रुग्णालयातलं जेवण कसं ठरवावं?

आधी नेमका कोणता रंग बाधतो ते विचारा. 'रंग चालत नाही' एवढीच नोंद स्वयंपाकघराच्या कामाची नाही. टार्ट्राझिन (लेबलवरचा क्रमांक १०२) किंवा सनसेट यलो (११०) या कृत्रिम पिवळ्या रंगांनी बहुतेकदा अंगावर पित्त उठतं. कार्माइन (१२०) मात्र किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे, त्यातल्या प्रथिनांमुळे क्वचित जीवघेणी अ‍ॅलर्जीही होऊ शकते. म्हणजे 'नैसर्गिक रंग' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. चीज, मार्जरीनमधला अ‍ॅनाटो (१६०बी) हा बियांपासून काढलेला रंगसुद्धा काहींना बाधतो.

रोजचं ताजं शिजवलेलं जेवण सहसा अडचणीचं नसतं. गोची होते ती पाकिटातल्या वस्तूंत: जेली, कस्टर्ड पावडर, सरबतं, सॉस, तयार सूप, फ्लेवरची पोषण-पेयं. शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर 'फक्त पातळ आहार' असतो तेव्हा तर ताटात नेमकी हीच मंडळी येतात. त्याऐवजी गाळलेला सफरचंदाचा रस, घरगुती पद्धतीचं गाळलेलं सूप, बिनदुधाचा कोरा चहा द्या. पोषण-पेय बिनरंगी मिळतं का ते पाहा. पुरवठादार बदलला की लेबल पुन्हा वाचायचं, हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

आणि औषधं! रंगीत कॅप्सूल, सिरप, गोळ्यांवरचं आवरण यांतही हेच रंग असतात. जेवण निर्दोष असूनही पुरळ येत असेल तर फार्मासिस्टला गाठा. तो पर्यायी ब्रँड सुचवू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

शंका आहे म्हणून दहा पदार्थ बंद करू नका, आजारी माणसाला उपाशी ठेवणं परवडत नाही. यादी आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.