ऊन फक्त मुलीलाच लागतं का?

पत्र : आम्ही अकोल्याला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा बारा. मुलीच्या उन्हाळी खो-खो शिबिराचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, "पोरगी काळी पडेल, उद्या लग्नाला अडेल." मुलगा मात्र भर दुपारी क्रिकेट खेळतो. गेल्या आठवड्यात तो डोकं धरून आला, दोनदा उलटी झाली. मुलगी हल्ली आरशासमोर विचारते, "मी काळी झाले का गं?" लहानपणी मीही हेच ऐकलंय. सासूबाईंना कसं समजावू?
– एक आई

ताई,

पत्र वाचताना मला आधी काळजी वाटली ती तुमच्या मुलाची. डोकेदुखी आणि उलटी म्हणजे त्याला बहुधा ऊन बाधलं होतं. तुमच्या घरात ऊन टाळायचं कारण रंग हे आहे, म्हणून मुलगी कोंडली गेली आणि मुलाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सावळ्या कातडीला ऊन कमी भाजतं हे खरं, पण अंग तापायचं ते तापतंच, आणि मुलांचं मोठ्यांपेक्षा लवकर. मैदानी भागात पारा 45 वर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. अकोल्याला 45 काही नवा नाही.

सासूबाईंशी रंगावरून वाद घालू नका, त्यात तुम्ही दोघीही दुखावाल. त्यांना नातवाची उलटी आठवून द्या. "आई, दुपारी बारा ते तीन दोघांनाही बाहेर सोडायचं नाही, तुम्हीच लक्ष ठेवा," असं म्हणा. उन्हाची जाण त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. पन्ह्यातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलेलं भरून काढतं, ते त्यांच्याच हातचं दोघांना द्या. खिशातल्या कांद्याने ऊन टळत नाही, पण त्यावरून भांडू नका, फक्त त्याच्या भरवशावर कुणाला बाहेर पाठवू नका. आणि लग्नाचं बोलणं थांबवायचं काम तुमच्या नवऱ्याचं. आईला ते मुलानेच सांगावं.

शिबिर सकाळचं असेल तर मुलीला जरूर पाठवा. डोक्याला दुपट्टा, अंगात सैल सुती कपडे, सोबत पाण्याची बाटली. मुलालाही हेच. सनस्क्रीन आणलं तर दोघांना लावा. तिला एकटीला लावलंत तर तिला त्यातून रंगाचीच गोष्ट ऐकू येईल.

तिच्या प्रश्नाला "नाही गं, गोरीच आहेस" असं उत्तर देऊ नका. "उन्हात खेळलं की रंग थोडा गडद होतो, त्यात वाईट काही नाही. आज किती गडी बाद केलेस?" असं विचारा. आणि तुम्ही लहानपणी काय ऐकलंत, तेव्हा कसं वाटलं, हेही तिला सांगा. तुमच्याकडून ऐकणं तिला फार मोलाचं वाटेल.

मुलाला पुन्हा त्रास झाला तर सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या. तो बरळू लागला, ग्लानीत गेला किंवा अंग फणफणून तापलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच 108 ला फोन करा.

त्याच्या संघातल्या मुलांच्या आयांशीही बोला. सामने सकाळी सहाला सुरू झाले तर नऊपर्यंत सगळी पोरं घरी येतील, आणि त्यासाठी कुणाला खेळ सोडावा लागणार नाही.