प्रॉक्समॉक्स पुन्हा टाकल्यावर सर्व्हर नेटवर्कवर दिसत नाही, कुठून तपासू?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. डिस्क गेली म्हणून प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) नव्याने टाकलं, स्क्रीनवर 192.168.100.2 आणि पुढे 8006 असा पत्ता येतो, पोर्टचा दिवा हिरवा आहे, पण ऑफिसातल्या एकाही पीसीवर पान उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आणि राउटर आहे 192.168.1.1 वर. एक 100 च्या जाळ्यात, दुसरा 1 च्या, म्हणून दोघांची गाठ पडत नाही.

तो 100.2 तुम्ही टाइप केलेला नसणार. निवडलेल्या कार्डाला राउटरकडून डीएचसीपीने (आपोआप पत्ता वाटण्याच्या सोयीने) पत्ता मिळाला नाही की इन्स्टॉलर स्वतःच तो भरतो, आणि आपण घाईत 'नेक्स्ट' दाबतो. सर्व्हरला दोन पोर्ट आहेत म्हणता, तेव्हा माझा पहिला संशय हाच: केबल एका पोर्टात आणि निवडलं गेलं दुसरं कार्ड. हिरव्या दिव्यावर विसंबू नका. केबल दोन्ही टोकांना नीट बसलीय, एवढंच तो सांगतो.

सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड लावून रूट या मुख्य खात्याने आत जा. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या. 'आयपी लिंक' दिलं की कार्डांची नावं दिसतील, ईएनपी3एस0, ईएनओ1 अशी. इथे एक जागा फसवी आहे. ब्रिजला (प्रॉक्समॉक्सच्या आतल्या आभासी स्विचला) न जोडलेलं कार्ड केबल असूनही 'डाउन' दिसतं, कारण ते कुणी चालूच केलेलं नसतं. म्हणून आधी 'आयपी लिंक सेट', कार्डाचं नाव, 'अप' असं दोन्ही कार्डांना द्या. मग 'आयपी लिंक' बघा, केबल उपसा आणि पुन्हा बघा. ज्याच्यापुढे आधी नसलेलं 'नो-कॅरियर' आता आलं, ते तुमचं खरं कार्ड. केबल परत लावा. नाव आणि मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला मागून चिकटवा.

आता नॅनो या एडिटरने ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस ही फाइल उघडा. व्हीएमबीआर0 या ब्रिजच्या खाली 'ब्रिज-पोर्ट्स' या ओळीत ते नाव घाला. 'अॅड्रेस' मध्ये राउटरच्या डीएचसीपी रेंजबाहेरचा मोकळा पत्ता, समजा 192.168.1.50/24, आणि 'गेटवे' 192.168.1.1. सेव्ह करून 'आयएफरीलोड -ए'. ईटीसी/होस्ट्स मध्येही जुना 100.2 असेल, तोही बदला. ही ओळ बहुतेक जण विसरतात आणि रीबूटनंतर प्रॉक्समॉक्सच्या सर्व्हिसेस अडू शकतात. स्क्रीनवरचा जुना पत्ता रीबूट होईपर्यंत तसाच दिसेल, त्याने गोंधळू नका.

मग पिंग, याच क्रमाने: आधी राउटर, मग 8.8.8.8 (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता), मग एखाद्या साइटचं नाव. 8.8.8.8 लागतं आणि नाव लागत नाही, तर फक्त डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) बघायचं.

जुन्या इंटरफेसेस फाइलची कॉपी असेल तर ती जशीच्या तशी परत टाकू नका. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या सर्व्हरवर मी तेच केलं होतं. त्याच वेळी आत नवीन एनव्हीएमई (वेगवान डिस्क) कार्ड बसवलं होतं, त्याने पीसीआय स्लॉटचे नंबर सरकले, ज्यांवरून नेटवर्क कार्डाचं नाव ठरतं, आणि ईएनपी3एस0 चं ईएनपी4एस0 झालं. ब्रिजला पत्ता होता, स्वतःला पिंगही लागत होतं, पण बाहेर काही जाईना. शिवाय यंत्रमागांच्या शेजारची खोली, पोर्टात सुताची लव नमद्यासारखी बसलेली. ती ब्रशने काढल्यावर 100 एमबीपीएसवर अडकलेली लिंक 1000 वर आली. तुमचंही यंत्रमागाचंच ऑफिस आहे, तर टॉर्च लावून पोर्ट एकदा बघाच.

होस्ट, म्हणजे खुद्द सर्व्हर, लागला तरी त्यावरच्या व्हीएम (आभासी मशीन) लगेच लागतीलच असं नाही. त्यांची सेटिंग्ज गेलेल्या डिस्कबरोबर गेली. बॅकअपवरून रिस्टोअर केल्या तर मॅक जुनाच राहतो, तोच रस्ता चांगला. व्हीएम नव्याने बनवून जुनी डिस्क जोडली तर मॅक नवा येतो आणि राउटरमध्ये जुन्या मॅकसाठी राखून ठेवलेला पत्ता त्याला मिळत नाही. जुना मॅक राउटरच्या डीएचसीपी यादीत सापडेल, तो व्हीएमच्या नेटवर्क डिव्हाइसमध्ये भरा. लिनक्स व्हीएमचा मशीन टाइपही (व्हीएमला दाखवलेल्या मदरबोर्डचा प्रकार) पूर्वीचाच ठेवा. आय440एफएक्सवर कार्ड ईएनएस18 असतं, क्यू35 वर तेच ईएनपी6एस18 होतं, आणि आतली नेटवर्क सेटिंगची नेटप्लॅन फाइल जुन्याच नावाला धरून बसते. विंडोजमध्ये जुना स्थिर पत्ता जुन्या, आता अदृश्य झालेल्या कार्डाला चिकटून राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' करून ते कार्ड काढा, मग पत्ता घाला.

एवढं करूनही राउटर पिंग झाला नाही, तर 'आयपी अॅड्रेस' आणि 'ब्रिज लिंक' या दोन्हींचं आउटपुट आणि इंटरफेसेस फाइल इथेच टाका. रात्री नऊनंतर मी बघतो.