मुलगी सहा वर्षांची आहे म्हणून लिहितेय

तुम्ही विचारलंय की यजमानांना जपानात योकोहामाला नोकरी मिळतेय, मुलगी सहा वर्षांची आहे, तर दोनशेहून जास्त वर्षं दारं लावून बसलेला आणि मग एवढ्या झपाट्याने बदललेला हा देश परक्यांना आपलं म्हणतो का? व्हिसा, पगार, घरभाडं यांची माहिती सरकारी पानांवर आहे, ती तिथेच वाचा. मुलीचं वय वाचलं आणि मला राहवलं नाही.

१८५३मध्ये अमेरिकन नौदलाच्या पेरीची काळी जहाजं ही दारं उघडायला आली. १८५९मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं, तोवर तिथे कोळ्यांची वाडी होती. पुढे सम्राट मेइजीच्या काळातल्या नव्या सरकारने परदेशी इंजिनीअर, डॉक्टर, प्राध्यापक भल्या पगारावर आणले. १८७२मध्ये टोकियोतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत रेल्वे धावली ती इंग्रज इंजिनीअरांच्या हाताखाली. काम शिकून झालं की करार संपायचा आणि त्या खुर्चीवर जपानी माणूस बसायचा. आपल्यासारखी गुलामी वाट्याला येऊ नये म्हणून ते धावत होते, मला त्याचा आदरच वाटतो. तरी दर वेळी व्हिसाची मुदत वाढवायला रांगेत उभी राहिले की ते करारावरचे लोक आठवतात.

कागदपत्रांचं सांगते. आपलं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, अशी आपली तीन नावं. इथल्या फॉर्मवर रकाने दोन. १८७५मध्ये सरकारने सगळ्या प्रजेला आडनाव सक्तीचं केलं, तेव्हापासून इथे आडनाव आणि नाव, बस्स. माझं काताकानातलं, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीतलं नाव बँकेत एक, विम्यावर दुसरं. एका खात्यासाठी चार खेपा घातल्या आणि शेवटच्या खेपेला काउंटरसमोरच रडले. पहिल्याच दिवशी एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

एकटेपणा येतो. जातोही. त्यावर जास्त लिहीत नाही.

शाळेचं मात्र अजून सलतं. सरकारी शाळेत दुपारी सगळी मुलं एकच जेवण जेवतात, वाढतातही तीच. आम्ही गोमांस खात नाही. डबा देऊ द्या म्हणून मी दोन महिने विनवण्या केल्या. शेवटी परवानगी मिळाली, पण डब्यातलं जेवण त्या दिवशीच्या जेवणासारखं दिसायला हवं, या अटीवर. रोज पहाटे उठून मी सोयाबीनला मांसाचं रूप देत होते. याच देशात शेकडो वर्षं मांस निषिद्ध मानलं जाई. १८७२मध्ये सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याची बातमी पसरवून लोकांची भीड मोडावी लागली होती. हे बाईंना सांगायचं फार मनात होतं, तेवढं जपानी मला येत नव्हतं. तिसरीत मुलगी म्हणाली, “आई, डबा नको, मी सगळ्यांसारखं जेवते.” मी हो म्हटलं. बरोबर केलं का, ते अजून कळत नाही.

इथे आलात की पाच हजार येनची नवी नोट हातात येईल. तिच्यावर त्सुदा उमेको आहेत. १८७१मध्ये परदेश पाहायला निघालेल्या सरकारी इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला शिकायला पाठवल्या, त्यांत ही सगळ्यांत धाकटी, सहा वर्षांची. १८८२मध्ये परत आली तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरली होती. घरच्यांशी बोलायलाही तिला भाषा नव्याने शिकावी लागली. १९००मध्ये तिने मुलींसाठी शाळा काढली, म्हणून ती नोटेवर आहे. मी ती नोट मोडताना दर वेळी तिच्या आईचा विचार करते.

या, जरूर या. मुलीला सरकारी शाळेतच घाला, दोन वर्षांत ती तुमच्यापेक्षा सफाईने बोलेल. पण घरात मराठीच बोला आणि बाराखडी रोज गिरवून घ्या, दमलात तरी. आम्ही दमायचो तेव्हा सोडून द्यायचो. आता रविवारी मिरजेला व्हिडिओ कॉल लागतो, आजी विचारते, “काय जेवलीस गं?”, लेक जपानीत उत्तर देते आणि मधे बसून मी ते आजीला मराठीत सांगते.